हळदीच्या बोटांचं खोकं

"दुकानाची पायरी उतरली का वस्तू म्हातारी झाली."

आसाराम हे इतक्या वेळा बोलला होता की मुर्रीतली पोरं तो तोंड उघडायच्या आत त्याच्याच आवाजात म्हणून दाखवत. तो हसत नसे आणि रागावतही नसे. गळ्यातल्या दुपट्ट्यानं मान पुसायचा, ठेल्याची साखळी पायानं सरळ करायचा आणि पुढं निघायचा. आपलं बोलणं कोणाला पटतं की नाही याची त्याला फिकीर नव्हती. तो ते कुठं ऐकून आला नव्हता. त्यानं ते वाहून पाहिलं होतं.

आमची मुर्री गोंदियाच्या कडेला आहे. एका अंगानं शहर सरकत सरकत आमच्या अंगणापर्यंत आलं आहे, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या अजून शाबूत आहेत. सकाळी बिरसीच्या विमानतळाकडून शिकाऊ विमानं येतात, आमच्या कवेलूंच्या छपरांवरून गिरकी घेतात आणि परत जातात. पहिल्यांदा आली तेव्हा बाया कामं टाकून अंगणात यायच्या. आता कोंबडीसुद्धा मान वर करत नाही.

आसाराम इथलाच. बापाची जमीन वाटणीत बांध्याबांध्यांनी संपली, तेव्हा तरुणपणीच त्यानं तीन चाकांचा पायडल ठेला घेतला आणि गोंदियाच्या बाजारात दुर्गाप्रसादच्या दुकानासमोर उभा राहिला. दुर्गाप्रसाद टीव्ही, फ्रीज, कूलर, कपडे धुण्याच्या मशिनी विकायचा. विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचं काम आसारामचं. फुलचूर, कुडवा आणि त्याच्याही पलीकडची खेडी. त्या रस्त्यांवरचा चढ कुठं सुरू होतो हे त्याच्या डोळ्यांच्या आधी त्याच्या गुडघ्यांना कळायचं.

सुरुवातीची वर्षं तो आठवायचा तेव्हा त्याचा चेहरा जरा उजळायचा. तेव्हा टीव्ही घरी येणं म्हणजे नवरी घरी येण्यासारखं होतं. ठेला गल्लीत शिरला की मागं माणसं गोळा व्हायची. घरची बाई ताट घेऊन दाराशी उभी राहायची, खोक्याला ओवाळायची आणि मग उरलेलं कुंकू आसारामच्या कपाळाला लावायची. दिवसभर तो ते कुंकू घामात वागवायचा. बाजारात दुसरे ठेलेवाले विचारायचे, "कोणाचं लगन लावून आला गा?" तो म्हणायचा, "टीव्हीचं."

मग त्याच घरांत काही वर्षांनी दुसरा टीव्ही यायचा, पहिल्यापेक्षा मोठा. त्याला कोणी ओवाळत नसे. आसाराम नवी वस्तू उतरवायचा आणि घरधनी आतून म्हणायचा, "आसाराम, वापसीत हे नेजो, भंगारवाल्याकडं." ज्याला ओवाळलं होतं तेच डबडं त्याला परत उचलावं लागायचं. जाताना सोबत गल्ली यायची, येताना कोणी नसायचं. असं त्यानं कॅसेटच्या डेकचं पाहिलं, सीडीच्या खोक्यांचं पाहिलं, पाठीला फुगा असलेल्या सगळ्या टीव्हींचं पाहिलं. म्हणून त्याच्या स्वतःच्या घरात पंखा, दिवे आणि लेकीचा फोन यांपलीकडं काही नव्हतं. बायको फुलवंता धुरपताबाईच्या घरी जाऊन टीव्ही पाहायची. धुरपताबाई शेजारीण. तिचं कुंपण आणि तिची जीभ दोन्ही आसारामच्या अंगणात शिरलेली.

या घरात एकच मोठी वस्तू विकत आली होती, आणि ती कोणी वापरली नव्हती. तिचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं पोरीच्या लग्नात आंदण देतात. भांडी, पलंग, कपाट आणि हल्ली विजेच्या वस्तू. समोरच्यांनी मागो न मागो, आई आधीपासून एकेक वस्तू जमवत जाते. मुर्रीत आणखी एक रीत आहे. आंदणाची वस्तू घरात आली की पोरीची आई खोक्यावर ओल्या हळदीची पाच बोटं उमटवते. त्या बोटांनंतर ती वस्तू त्या घराची राहत नाही. खोकं फोडायचं नाही, वस्तू लावून पाहायची नाही, वापरायची तर बातच नाही. वापरलेली वस्तू म्हणजे उष्टी, आणि उष्टं पोरीला कोण देईल?

थोरल्या रीतासाठी फुलवंतानं एका दिवाळीला टीव्ही घ्यायला लावला होता. पाठीला फुगा असलेलाच, कारण तेव्हा तोच चालत होता. बोटं उमटली, खोकं कोपऱ्यात ठेवलं, वर जुनं लुगडं टाकलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. दुसरं ठरायला काही दिवाळ्या गेल्या. खोकं तिथंच. अखेर रीता सासरी गेली तेव्हा आसारामनं आपल्याच ठेल्यावर ते खोकं तिच्यामागं नेलं. तिच्या सासरी भिंतीवर आधीच पाटीसारखा चपटा टीव्ही टांगलेला होता. सासरा चांगला माणूस. त्यानं खोक्याला नमस्कार केला आणि ते धानाच्या खोलीत ठेवून दिलं.

पुढं एकदा आसाराम लेकीला भेटायला गेला, तर त्या खोक्यावर अंड्यावर बसलेल्या कोंबडीची टोपली होती. त्याच्या पुढच्या खेपेला सासऱ्यानं संकोचत म्हटलं, "सोयरे, वापसीत हे नेता का जी? जागा अडून राह्यली."

आसारामनं नेलं. भंगारवाल्यानं खोकं फोडल्याशिवाय भाव करायला नकार दिला, तेव्हा ते त्यानं स्वतःच्या हातानं फोडलं. आत थर्माकोल पांढरा शुभ्र होता. रिमोट प्लास्टिकच्या पन्नीत होता. वरच्या पुठ्ठ्यावर हळद काळी पडली होती, पण बोटं मोजता येत होती.

हे त्यानं फुलवंताला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही ठेला ढकलता ढकलता, दुसऱ्याच कोणाचं बोलावं तसं. त्याचं ते वाक्य त्याच दिवसापासून सुरू झालं.

आता धाकटी, खुशबू. गोंदियाच्या बाजारात औषधाच्या दुकानात कामाला. लग्नाचं अजून कुठं काही नव्हतं. तिच्या नावानं घरात थोडं बाजूला ठेवलेलं होतं, तेवढ्यात एखादी वस्तू येईल इतकं. एकच.

आणि फुलवंताचा उजवा खांदा. धान रोवण्याच्या दिवसांपासून तो धरला होता. हात खांद्याच्या वर जात नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की कपडे पिळायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही. फुलवंता हो जी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी धुण्याचं घमेलं घेऊन बोडीवर गेली. आमच्या गावामागं लहानसं तळं आहे, त्याला आम्ही बोडी म्हणतो. तिच्या दगडावर ती चादरीचं एक टोक दाताखाली धरायची आणि दुसरं डाव्या हातानं पिळायची. बाकीच्या बाया पाहायच्या आणि पाहिलं नाही असं करायच्या. खुशबू रविवारी धुते म्हणायची, पण फुलवंताला रविवारपर्यंत मळ दिसत राहायचा.

धान कापणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. दुर्गाप्रसादनं आसारामला दुकानात बोलावलं आणि कोपऱ्यातल्या दोन खोक्यांकडं बोट केलं.

"आसाराम, ये दो टबवाली मशीन देख रहा है? कंपनी बंद कर रही है. आखरी दो पीस हैं. अब जो आएगी, वो ऊपर से नल मांगेगी. चालू नल, वो भी प्रेशर का. तेरे यहां है?"

"नल हाये जी, शेठ. पाणी त्याच्या मर्जीनं येते."

"तो फिर? इसमें बाल्टी से पानी डालो, चलती है. तेरी घरवाली का कंधा खराब है, सुना मैंने. बाद में मत बोलना कि बताया नहीं."

"दुकानाची पायरी उतरली का," आसाराम सवयीनं म्हणाला.

"हां हां, बुढ्ढी हो गई. तू भी तो हो गया. चल रहा है न?"

आसाराम दुपट्ट्यानं मान पुसत पायरी उतरला. पण दिवसभर ठेला ओढताना ती मशीन त्याच्या डोक्यात बसून राहिली. संध्याकाळी जेवताना त्यानं घरी सांगितलं की अशी अशी कपडे धुण्याची मशीन आहे, बालटीच्या पाण्यावर चालते, आणि आता बंद होऊन राहिली. त्याच्या मनात पुढचं वाक्य "तुझ्यासाठी घेऊ" असं होतं. पण आमच्या घरांतून नवरा बायकोला असं तोंडावर म्हणत नाही. तो भाताचा गोळा करत थांबला, आणि तेवढ्यात फुलवंता बोलली.

"अजी, मंग घेऊन टाका न. बंद झाल्यावर कोठून आणसान? खुशबूच्या आंदणाले होऊन जाइल."

घास ताटातच राहिला. "खुशबूचं कोठं काय ठरलं हाये?"

"ठरल न. तवा धावत बाजारात जासान का?"

"घेऊन ठेवली त खोक्यातच म्हातारी होइल."

"तुमचं ते एकच. माझ्या बापानं देल्ला गुंड पाहा." तिनं चुलीजवळच्या पितळी गुंडाकडं, पाण्याच्या घागरीकडं, हनुवटी केली. "लगनात आणला होता. अजून पाणी भरून राह्यली त्यात. तो नाई झाला म्हातारा."

"गुंडाले मॉडेल नसते वो."

खुशबू दारात केस विंचरत होती. तिला हसू आलं.

"हासू नोको, पोट्टे. तुझ्यासाठीच बोलून राह्यली."

"माय, आणली त फोडू ते खोकं. तू धुजो त्यात कपडे. माझं जवा होइल तवा पाहू."

"वापरलेली मशीन देऊ तुले? सासू नाकाले पदर लावल."

"मंग आंदणाची म्हणूच नोको. तुझी म्हण."

"माझी?" फुलवंता खरोखर बुचकळ्यात पडली. "मले कायले पायजे मशीन? बोडी हाये न."

"बोडी हाये. खांदा नाई न," आसाराम म्हणाला.

"खांदा आज दुखते, उद्या राह्यते. पोरगी रिकाम्या हातानं गेली त ते जनमभर ऐका लागते. मी ऐकली हावो."

फुलवंता लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बापाजवळ त्या एका गुंडापलीकडं द्यायला काही नव्हतं. तिची सासू पाहुण्यांना पाणी देताना म्हणायची, "एका गुंडावर आली जी आमची सून." सासू जाऊन किती वर्षं झाली, पण फुलवंता अजून त्या गुंडातलं पाणी पाहुण्याला देताना ओठ मिटून घेते.

नंतरच्या दिवसांत मला आसाराम रस्त्यात भेटला. ठेल्यावर त्या दोन मशिनींतली एक होती, फुलचूरच्या कोणा गिऱ्हाइकाची. चढ आला म्हणून तो उतरून ओढत होता. मी मागून हात लावला.

"भाऊ, आता एकच राह्यली," तो म्हणाला.

"मग घे ना."

"घेतली त फुलवंता बोटं लावल. मंग ती खोक्यातच मरन, रीताच्या टीव्हीवानी. नाई घेतली त हिचा हात त्या दगडावरच जाइल." चार पावलं तो नुसता श्वास घेत राहिला. "दुसऱ्याच्या घरी काय उतरवावं हे मले जनमभर कोणी इचारलं नाई. पावतीवरचा पत्ता पाह्यचा, उतरवून द्यायचं. आता सोताच्या घरी काय उतरवू, समजून नाई राह्यलं. थकलो गा."

चढ संपला. तो ठेल्यावर बसला आणि मागं न पाहता निघून गेला. मी पाहिलं तर त्याचा पायजमा गुडघ्याशी घामानं चिकटला होता. नोव्हेंबर होता तरी.

मग आमची मंडई आली. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी लेकी-जावई आणि सगळे सोयरे येतात, घर माणसांनी भरून जातं. येणाऱ्यांच्या अंगाखाली काही तरी लागतं, म्हणून फुलवंतानं घरातल्या सगळ्या चादरी आणि गोधड्या आदल्या दिवशीच बोडीवर नेल्या होत्या. गोधडी भिजली की तिचं वजन ओल्या धानाच्या पेंडीसारखं होतं. ती कशी पिळली हे तिलाच माहीत.

रीता आली, जावई आला. पोहे झाले, चहा झाला. मी तिथं होतो. फुलवंतानं लेकीला प्रत्येक मंडईला विचारते तेच विचारलं.

"टीव्ही चालते न, वो?"

रीतानं बापाकडं पाहिलं. बाप जावयाच्या चपला बाजूला सरकवत होता.

"चालते न, माय," रीता म्हणाली. "मस्त चालते."

फुलवंताचा चेहरा खुलला. जावई चहाच्या कपात पाहत राहिला.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या सकाळी फुलवंताला केस विंचरायला हात वर नेता येईना. खुशबूनं तिची वेणी घातली. त्या वेळी फुलवंता लहान पोरीसारखी मान खाली घालून दारापुढच्या छपरीत बसली होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "जमल उद्या, जमल." आसाराम ठेल्याच्या चाकात हवा भरत होता. पंप मारता मारता तो थांबला. मग पुन्हा मारू लागला. हवा भरून झाल्यावर त्यानं खुशबूच्या नावानं ठेवलेले पैसे काढले आणि काही न बोलता बाजारात गेला.

दुकानातलं मला दुर्गाप्रसादनंच नंतर सांगितलं. त्याला ते अजून उमगलेलं नव्हतं. पैसे झाले, पावती झाली, नोकरानं खोकं पायरीजवळ आणलं, तेव्हा आसाराम म्हणाला, "शेठ, खोकं इथंच फोडा."

"पागल है क्या? रास्ते में खरोंच आएगी."

"येऊ द्या."

"अरे, जिंदगी भर तूने माल ढोया है. खुला माल कभी ले गया?"

"लोकाचा होता तो."

नोकर फोडेना, तेव्हा आसारामनं त्याच्या हातातून चाकू घेतला आणि पट्ट्या कापल्या. खोकं चारी कडांनी उकललं, घडी घातली, आणि दुकानामागच्या रद्दीच्या ढिगात नेऊन टाकलं. थर्माकोलही तिथंच ठेवला.

"खोका तो ले जा. काम आएगा."

"तेच त नाई न्यायचं जी."

मग त्यानं नोकराबरोबर मशीन उचलली. पायरीशी दुर्गाप्रसादला राहवलं नाही. "अब नहीं बोलेगा? सीढ़ी उतरी कि..."

"उतरू द्या तिले," आसाराम म्हणाला.

बाजारापासून मुर्रीपर्यंतचा रस्ता त्यानं लाखदा तुडवला असेल, पण त्या दिवशी त्याला तो लांब वाटला असणार. उघडी मशीन ठेल्यावर सुतळीनं बांधलेली. पांढरी, निळ्या झाकणाची, उन्हात चमकणारी. आणि खोक्याशिवायची वस्तू आसारामच्या ठेल्यावर म्हणजे भंगारात किंवा दुरुस्तीला, असंच सगळा रस्ता समजत आला होता.

"कोणाची बिघडली गा, आसाराम?" पानठेल्यावरून कोणी तरी विचारलं.

"नवीन हाये."

"नवीन अन उघडी? मंग दुकानदार बिघडला असंन."

पानठेला हसला. पुढं पुलाच्या चढावर तो उतरून ओढू लागला तेव्हा सायकलवरच्या एकानं विचारलं की भंगारात किती किलो भरेल. आसारामनं त्यालाही सांगितलं की नवीन आहे, माझ्या घरची आहे. त्या माणसाला वाटलं हा मस्करी करतो. गावात शिरल्यावर मीच त्याला दिसलो, आणि मी काही विचारलं नाही. मागून हात लावला.

घरी बातमी आधीच पोचली होती. खुशबूच्या औषधाच्या दुकानासमोरून ठेला गेला होता आणि तिनं शेजारणीच्या फोनवर फोन केला होता. बाबा मशीन घेऊन निघाले, एवढंच. उघडी की बंद हे तिनं सांगितलं नव्हतं. म्हणून आम्ही अंगणात शिरलो तेव्हा फुलवंता छपरीत उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. हातात वाटी, वाटीत ओली हळद. बोटं आधीच बुडवलेली.

कुंपणावरून धुरपताबाई म्हणाली, "हे का वो? भंगारातून आणली का भाऊजीनं?"

फुलवंतानं तिला उत्तर दिलं नाही. तिनं मशीनकडं पाहिलं, मग ठेल्याच्या खाली पाहिलं, जणू काही तिथं लटकलेलं असेल.

"खोकं?"

"दुकानात राह्यलं," आसाराम सुतळी सोडत म्हणाला.

"मंग जा न, घेऊन या."

"फाडलं."

"कोणं?"

"मी."

हळदीची बोटं तिनं हवेत तशीच धरली होती. उजवा हात, आणि खांद्याच्या वर जात नव्हता. "आता मी बोटं कायले लावू? पत्र्याले? काऊन असं केलं जी?"

आसारामनं मशीन माझ्या मदतीनं उतरवली आणि छपरीत भिंतीशी लावली. मग तो ठेल्याच्या कडेला बसला. त्याचं बोलणं असं होतं की जणू दिवसभराची एखादी साधी खेप सांगतो आहे.

"रीताचा टीव्ही मीच भंगारात नेला. लगित दिवस झाले. तिच्या सासऱ्यानं सांगतलं, वापसीत न्या. त्यायच्या घरी होता न पहिलेच. खोकं भंगारवाल्याकडं मीच फोडलं. आतमंदी तसाच होता, पन्नीतला. वरतं तुझी बोटं होती."

धुरपताबाईची जीभ कुंपणापलीकडंच राहिली, आणि हे मी मुर्रीत पहिल्यांदा पाहिलं. वरून एक शिकाऊ विमान गेलं. त्याचा आवाज पूर्ण विरून जाईपर्यंत फुलवंता उभी होती.

"चालत होता का तो?" तिनं विचारलं.

"कोणं लावूनच नाई पाह्यला."

ती खाली बसली. वाटी मांडीवर. "पोरगी मले सांगत होती, मस्त चालते म्हणून. दर मंडईले सांगे."

"तुले बरं वाटते म्हणून सांगे."

"अन तुमी?"

आसारामनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. फुलवंताचा राग गेला नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं. पण तिला तो कोणावर ठेवावा ते समजत नव्हतं, लेकीवर, नवऱ्यावर, की आपल्याच बोटांवर. वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "खुशबूले काय देसान मंग?"

"तिच्या टायमाले जे निंगल ते. तवाचं तवा."

"अन तवा आपल्याजवळ नसंन त?"

"त नसंन," आसाराम म्हणाला. "पण तू सांगजो तिच्या सासूले, का माझा हात शाबूत हाये, बाई. तुमच्या घरी बाळंतपणाले येइन."

यावर फुलवंताला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. तिनं मशीनच्या निळ्या झाकणाकडं हात नेला आणि हळद लागेल म्हणून मागं घेतला. आसाराम उठला. उठताना त्यानं गुडघ्यावर हात दिला. मशीनचा पाइप सरळ केला, तार खिडकीतून आतल्या बटणापर्यंत नेली आणि सांदवाडीत, मागच्या अंगणात, गेला. दोन्ही बालट्यांत सकाळचे कपडे भिजत होते. त्यानं त्या तशाच आणल्या आणि कपडे मशीनच्या टबात टाकले.

"आता पाणी लागते इले. वरतून टाका लागते."

नळाला त्या वेळी पाणी नव्हतं. बोरिंग दूर, गल्लीच्या वळणापलीकडं. बालट्यांत साबणाचं पाणी होतं. आसारामनं घरात जाऊन चुलीजवळचा पितळी गुंड आणला. त्यातलं तळाचं पाणी टबात ओतलं आणि गुंड खांद्यावर घेतला.

"गुंड काऊन घेतला जी?" फुलवंता म्हणाली. "बोरिंगवर बाया हायेत साऱ्या. हासतीन."

"रस्ताभर हासूनच राह्यले."

"माणसानं गुंड नेला नाई कधी या गावात."

"मी त जनमभर वाहूनच राह्यलो," आसाराम म्हणाला. "एक हाही."

तो अंगणातून निघाला. ठेला तिथंच उभा राहिला. त्याला मी पायानं चालताना फार कमी पाहिलं होतं. ठेल्यावर बसून बसून त्याचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, आणि चालताना तो डोलायचा. खांद्यावरचा गुंड त्याच्या डोलण्याबरोबर डोलत होता आणि उन्हात पितळ लखलखत होतं. धुरपताबाई कुंपणाशी उभी राहून पाहत होती, तोंडावर पदर घेऊन, पण ती हसत नव्हती. मी ठेल्याच्या चाकाशी उभा होतो. फुलवंता छपरीच्या खांबाला टेकली. दुखरा हात तिनं मांडीवर ठेवला होता, तळवा वर करून. गल्लीच्या वळणावर आसाराम एकदा थांबला, गुंड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि दिसेनासा झाला. ती त्या वळणाकडं पाहतच राहिली. तिच्या बोटांवरची हळद वाळत होती.